पिशवी मागितली की आधी माप विचारणारं दुकान

या दुकानात कुणी हौसेनं जात नाही. सोलापुरात सिव्हिल हॉस्पिटलच्या आसपास सर्जिकलची जी दुकानं आहेत, त्यातलंच एक. दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं, एवढीच जागा. बाहेर कुबड्या टांगलेल्या, कमोडची खुर्ची उन्हात पिवळी पडलेली. मालकांनी नाव लिहू नका म्हणून बजावलंय. "नाव टाकलं की लोक फोनवर भाव विचारत बसतात, आणि समोरचं गिऱ्हाईक ताटकळतं." म्हणून नाव देत नाही. वॉर्डातल्या सिस्टरला "लहान बाळाच्या पोटावरच्या पिशव्या कुठं मिळतात" एवढं विचारा, ती बरोबर पाठवेल.

पाचपैकी चार तारे देतो. एक का कापला ते पुढं येईल. तेरा महिने मी इथलं गिऱ्हाईक होतो, त्यामुळे एकदा जाऊन आल्यावर लिहिलेलं हे नाही.

माझं अक्कलकोट रोडला चिकनचं दुकान आहे. अकरावी सायन्सला होतो, बारावीला गचकलो आणि वडिलांच्या गल्ल्यावर बसलो. हे सांगायचं कारण असं की मार्चमध्ये लेक झाली, सिस्टरनं बाळ पुसताना डॉक्टरांना हाक मारली, आणि डॉक्टर माझ्याकडं येऊन जो शब्द बोलले तो मी आधी ऐकलेला होता. क्लोएका. जर्नलमध्ये बेडकाची आकृती काढायचो, तिच्यात सगळ्यात खाली ज्याला बाण काढायचा तो भाग. परीक्षेत त्याला अर्धा मार्क होता. बायकोच्या खाटेशेजारी उभं राहून तो अर्धा मार्क आठवला, आणि पोरीचं आणि बेडकाचं काय नातं ते काही केल्या कळेना.

डॉक्टर तरुण होते. केसपेपरच्या पाठीमागं त्यांनी आकृती काढली. पोटात गर्भ चौथ्या आठवड्याचा असतो तेव्हा सगळ्यांचंच शीचं आणि लघवीचं एकच कोठार असतं. तुमचं, माझं, मुलाचं, मुलीचं. मग वरून एक पडदा खाली सरकत येतो आणि सातव्या आठवड्यापर्यंत त्या कोठाराचे दोन भाग करतो. पुढं मूत्राशयाची बाजू, मागं गुदाशयाची. मुलींमध्ये या दोहोंच्या मधे योनीमार्ग आपली जागा घेतो. आमच्या पोरीत ही वाटणी पुरी झालीच नाही. लघवीची वाट, योनीमार्ग आणि आतडं, तिन्ही आत एकाच नळीत येऊन मिळालेली, आणि बाहेर एकच भोक. त्या नळीला ते 'कॉमन चॅनेल' म्हणतात. गुदद्वार नीट न बनणं हे साधारण पाच हजारांत एका बाळाला होतं. त्यातला हा प्रकार फक्त मुलींना, आणि पन्नास हजारांत एखादीला. सातव्या महिन्याच्या सोनोग्राफीत मूत्राशयामागं पाण्याचा फुगा दिसला होता, तो योनीमार्गात साठलेल्या पाण्याचा, हेही तेव्हाच उलगडलं.

दुसऱ्या दिवशी पहिलं ऑपरेशन. तो फुगा नळी घालून रिकामा केला, आणि आतडं कापून त्याची दोन्ही तोंडं पोटावर डाव्या बाजूला आणली. वरच्या तोंडातून शी येते, खालच्यातून नुसता चिकट पांढरा द्राव. वरच्याला पिशवी लावायची, खालच्यावर गॉज ठेवायचा. हे आम्हाला दोन्हींवर पिशव्या लावून तीन दिवस वाया घालवल्यावर कळलं.

आता दुकानाकडं येतो.

पाचव्या दिवशी पिशवीची चिठ्ठी हातात आली. आधी मी दुसऱ्याच एका दुकानात गेलो. तिथल्या पोरानं चिठ्ठीकडं न बघता मोठ्या माणसाची पिशवी काढून दिली. बाळाच्या पोटावर धरली तर बरगडीपासून मांडीपर्यंत आली. अडीच किलोचं बाळ पिशवीखाली दिसेना. ती घेऊन मी या दुकानात शिरलो आणि लहान पिशवी मागितली.

मालक म्हणाले, "माप काय?"

मी म्हणालो, "अडीच किलो."

"वजन नको अण्णा. पोटावर जे लाल तोंड आलंय, त्याचं माप."

त्यांनी ड्रॉवरमधून एक पुठ्ठ्याचं कार्ड काढलं, त्याला लहानमोठी गोल भोकं पाडलेली. लाल तोंडावर एकेक भोक धरून बघायचं, जे अलगद बसेल ते माप, आणि पिशवीचं भोक त्याच्यापेक्षा एक-दोन मिलिमीटरच मोठं कापायचं. जास्त मोठं कापलं की शी कातडीला लागून सोलवटतं, लहान कापलं की तोंड आवळतं. कार्डाचे पैसे घेतले नाहीत. "सूज उतरते तसं माप कमी होतं. दीड-दोन महिने दर आठवड्याला मोजा, मग स्थिर होईल." अगदी तसंच झालं. मी जी पहिली खोकी घेतली असती ती महिन्याभरात बाद झाली असती, पण त्यांनी खोकं दिलंच नाही. दहाचं खोकं फोडून पाच दिल्या.

सुटी पिशवी विकणं ही सर्जिकलच्या धंद्यात किती मोठी गोष्ट आहे ते ज्यांना रोजच्या गल्ल्यावर घर चालवायचंय त्यांना कळेल. मला तेव्हा एक नग १८० रुपयांना पडायचा, आणि नग दोन-तीन दिवस टिकतो.

मग त्यांनी स्वतःच्या मनगटावर पिशवी लावून दाखवली. आधी कातडी साध्या पाण्यानं पुसायची, कोरडी करायची. तेल नाही, पावडर नाही, बाळाचे सुगंधी वाइप्स तर अजिबात नाहीत, त्यातल्या तेलकटपणानं डिंक धरत नाही. पिशवीची डिंकाची चकती दोन तळहातांत मिनिटभर धरून ऊबदार करायची, मग खालून वर चिकटवत जायची. पिशवी एकतृतीयांश भरली की रिकामी करायची, गच्च भरेपर्यंत वाट बघितली तर वजनानं सुटते. लाल तोंडाला हात लागला तर बाळाला दुखत नाही, तिथं कातडीसारख्या दुखऱ्या नसा नसतात. पण ते लालचं काळं-निळं दिसलं तर दुकानात येऊ नका, सरळ वॉर्डात पळा. हे सगळं पाचेक मिनिटांत, मधे एका गिऱ्हाइकाशी कानडीत आणि घरात बायकोशी तेलुगूत बोलत. वॉर्डात सांगितलं नव्हतं असं नाही, पण तिथं आम्ही ऐकायच्या अवस्थेत नव्हतो.

पिशवीबद्दल माझं मत. दोन प्रकार मिळतात. एक दोन तुकड्यांची, म्हणजे पोटावर चकती कायम आणि पिशवी टिचकीनं बसवायची. मोठ्या माणसाला ती सोयीची असेल, पण बाळ पालथं पडायला लागलं की तिची कडक रिंग पोटात रुतते. सहाव्या महिन्यात पोरीच्या पोटावर बांगडीसारखा वळ उठला. दुसरी एकसंध, मऊ. रांगणाऱ्या पोराला तीच घ्या. खालचं तोंड बंद करायला काहींना प्लॅस्टिकची क्लिप असते, ती मांडीला टोचते. गुंडाळून चिकटणारं तोंड असलेली मागा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. परदेशी आणि देशी यांत फरक डिंकाचा आहे, बाकी प्लॅस्टिक सारखंच.

आणि डिंकाची खरी परीक्षा सोलापूरच्या उन्हाळ्यात. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला, आमचं घर पत्र्याचं. चकती सकाळी लावली की दुपारी घामानं एका कडेनं सुटलेली. शिल्लक पिशव्या मी फळीवर पत्र्याखाली ठेवल्या होत्या, तिथं डिंक वितळून कागदाला चिकटला आणि तीन नग गेले. मग डोकं चालवलं आणि दुकानाच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवल्या, कोंबडीच्या शेजारी, वेगळ्या डब्यात. त्या पापडासारख्या कडक झाल्या. मालकांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. "अण्णा, तुमच्या कोंबडीचं आणि माझ्या पिशवीचं गणित वेगळं आहे. घरात माठ कुठं ठेवता? त्या कोपऱ्यात ठेवा. थंडावा पाहिजे, ओल नको." माठाच्या कोपऱ्यात उन्हाळा निघाला.

मामी म्हणायच्या की पिशवीचा खर्च कशाला, मऊ सुती धोतराच्या घड्या बांधा, वरून लंगोट. मी मालकांना भीतभीत विचारलं, कारण धंदा त्यांचा बुडणार होता. ते म्हणाले, "मेमध्ये बांधा की. दर अर्ध्या तासाला बघावं लागेल, आणि शी लागते तिथं डॉक्टरांनी दिलेलं झिंकचं मलम थापून लावा. बाहेर जाताना तेवढी पिशवी." पिशवी विकणारा माणूस पिशवी नको म्हणतोय, हे मी तरी माझ्या गल्ल्यावर बसून केलं नसतं. कुणी मटण घ्या म्हणालं तर मी चिकनचंच गुण गातो.

कोंबडीचं निघालंच तर एक सांगायचंय. दुकानाशी त्याचा संबंध आहे.

पोरीची गोष्ट नात्यात फुटल्यावर एक आत्या घरी आल्या, बाळाला बघितलं आणि बायकोसमोर म्हणाल्या, "इतक्या कोंबड्या कापल्या, त्यांचंच अंग पोरीला आलं." ग्रहणाचं आधी झालंच होतं, पण ग्रहण कुणाच्याही वाट्याला येतं. हे माझ्या हातावर आलं. तीन दिवस मी दुकान उघडलं नाही. कारण मला माहीत होतं की वरवर बघितलं तर आत्या खोटं बोलत नाहीत. मी रोज साफ करतो. कोंबडीला खरंच एकच भोक असतं. शी तिथून, लघवी तिथून, अंडं तिथून. विष्ठेवर जो पांढरा थर असतो ना, तीच तिची लघवी, पाण्यासारखी न येता खडूसारखी घट्ट येते.

चौथ्या दिवशी पिशवीला गेलो. तोंड बघून मालक म्हणाले, "काय झालं ओ? रडालाव कशाला?" दुकानात कुणी नव्हतं, मी सांगून टाकलं. ते पिशव्या मोजत राहिले. मग म्हणाले, "गेल्या साली एक माळकरी आजोबा यायचे, पंढरपूरकडचे. नातीसाठी हीच पिशवी न्यायचे. त्यांनी कुठली कोंबडी कापली होती?" आणि पाच पिशव्या पुढं सरकवून, "नऊशे."

त्या नऊशेनं मला जेवढं बरं वाटलं तेवढं कुणाच्या समजुतीनं वाटलं नाही. त्यांच्या काउंटरवर माझी पोर शापबिप नव्हती, एक माप होती.

घरी आल्यावर मी वाचायला बसलो. मोबाइलवर, रात्री, गल्ला मोजून झाल्यावर. मराठीत या भागाला अवस्कर म्हणतात. क्लोएका हा लॅटिन शब्द, अर्थ गटार. प्राचीन रोमच्या मोठ्या गटाराचं नाव क्लोएका मॅक्सिमा होतं. नाव कुणी ठेवलं असेल त्यानं कोंबडी कधी नीट उघडून बघितली नसावी, कारण ते गटार नाही. आत तीन खण आहेत. पहिल्यात आतडं येतं. दुसऱ्यात मूत्रवाहिन्या आणि अंड्याची नळी, तीही एकच, डावीकडची, उजवी कोंबडीत वाढतच नाही. तिसरा खण बाहेर उघडतो. अंडं घालताना ती नळीचं टोकच बाहेर उलटून काढते, म्हणून अंड्याला विष्ठा लागत नाही. मी इतकी वर्षं अंडी विकतोय आणि हे मला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या खणावर वरच्या बाजूला वाटाण्याएवढी, कधी मोठी, एक पिशवी असते. आम्ही ती बघायचो आणि बादलीत टाकायचो. तिचं नाव फॅब्रिशियसची पिशवी, इटलीच्या जुन्या शरीरशास्त्रज्ञाचं. १९५६ साली अमेरिकेत ब्रूस ग्लिक आणि त्यांच्या सोबत्यांनी दाखवून दिलं की ती पिल्लातून काढून टाकली तर कोंबडी रोगाशी लढणारे घटक बनवू शकत नाही. आपल्या रक्तात असे घटक बनवणाऱ्या ज्या बी पेशी असतात, त्यातला 'बी' या पिशवीच्या इंग्रजी नावातला. हॅचरीत एका दिवसाच्या पिल्लाचं हेच भोक हळूच उलटून नर की मादी ते ओळखतात. ही विद्या शंभरेक वर्षांपूर्वी जपान्यांनी बसवली. बेडूक, साप, सरडे, शार्क, सगळ्यांना अवस्कर आहे. दूध पाजणाऱ्यांतसुद्धा प्लॅटिपस आणि एकिडनाला आहे, आणि अंडी घालणारे सस्तन तेवढेच उरलेत.

म्हणजे कोंबडीचं ते पुरतं बनलेलं, कामाचं अंग आहे. पोरीचं अर्धवट राहिलेलं काम होतं. पडदा खाली यायचा थांबला, का थांबला ते डॉक्टरही सांगत नाहीत. दोन्हींचं नाव एक पडलं एवढंच. आत्यांना मी हे सांगितलं नाही. त्या पुढच्या खेपेला बाळंतविडा घेऊन आल्या, आणि मी त्यांना अर्धा किलो बोनलेस बांधून दिलं.

तिन्ही वाटा वेगळ्या करायचं मोठं ऑपरेशन पुण्याला झालं, जानेवारीत, पोर दहा महिन्यांची असताना. इथं गड्ड्याची जत्रा भरली होती आणि आम्ही पहाटेच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं निघालो. त्याआधी दुर्बिणीनं आतली ती कॉमन चॅनेलची नळी मोजली होती, अडीच सेंटिमीटर. तीनच्या आत असली तर पुढचं तुलनेनं सोपं जातं म्हणे, लघवीवर ताबा यायची आशाही जास्त. मूत्रपिंडं, हृदय आणि पाठीचा कणाही तपासले होते, कारण या मुलींत तिथंही गडबड असू शकते. ऑपरेशन मागच्या बाजूनं, अगदी मध्यरेषेवर कापून करतात, म्हणजे दोन्ही बाजूंचे स्नायू समान राहतात आणि विजेच्या सौम्य झटक्यानं कुठला स्नायू आवळतो ते बघून आतडं बरोबर त्याच्या मधोमध बसवता येतं. डीव्ह्रीज आणि पेन्या या दोन डॉक्टरांनी ही रीत १९८२ साली जगापुढं मांडली. सर्जननी आम्हाला हे सांगितलं तेव्हा मला मध्यरेषेवर कापणं एवढंच नीट समजलं. तो माझा विषय.

दोन आठवड्यांनी शीच्या नवीन जागेला डायलेटर लावायला सुरुवात, नाहीतर ती आवळून बंद होते. हे स्टीलच्या सळईसारखं असतं, दोन्ही टोकांना वेगवेगळे नंबर, आणि नंबर म्हणजे मिलिमीटरमधली जाडी. आख्खा सेट महाग. या मालकांनी सुट्या सळया दिल्या, दहा-अकराची, बारा-तेराची, आणि म्हणाले, "पुढची पुढच्या महिन्यात न्या, डॉक्टर काय सांगतात ते बघून." दर आठवड्याला एक नंबर वर, दिवसातून दोनदा, जेली लावून. वर्षाची होईतो चौदा, मग पंधरा. पहिले चार दिवस बायकोनं केलं आणि मी ओट्यावर बसून राहिलो. पाचव्या दिवशी तिनं सळई माझ्या हातात दिली. सुरी धरणारा हात आहे, पण लटलट कापत होता. पोर मात्र दोन आठवड्यांत सळई बघून पाय स्वतःच वर करायला लागली.

एप्रिलमध्ये पोटावरचं तोंड आत घेतलं आणि पिशवी सुटली.

आता तो कापलेला तारा. मालकांचा आवाज मोठा आहे. पायरीवर चार माणसं असताना "मुलीची शीची पिशवी ना? किती एमएम?" असं गल्लीला ऐकू जाईल असं विचारतात. मला सवय झाली, पण बायको एकदा गेली ती परत गेली नाही. एका ताईंना मी नुसतंच माघारी फिरताना बघितलंय. एवढं सगळं समजणाऱ्या माणसाला हे कसं समजत नाही कोण जाणे. मी एकदा बोललो, ते म्हणाले, "लपवायचं काय त्यात?" बरोबर आहे, पण ते लपवायचं की नाही हे गिऱ्हाइकानं ठरवायचं. शिवाय पक्कं बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, मागून घ्या. सगळ्यात लहान माप महिन्यातून एकदा तरी संपलेलं असतं, तेव्हा दोन पिशव्या हाताशी असतानाच जा, शेवटची लावल्यावर नको. दुपारी दोन ते चार बंद, रविवारी बंद. गड्ड्याच्या दिवसांत तिकडं गाडी नेऊ नका.

पोर आता साडेतीन वर्षांची आहे. रोज संध्याकाळी एनिमा, सहा महिन्यांनी मूत्रपिंडाची सोनोग्राफी. जूनमध्ये बालवाडीत घालायचं चाललंय. पोटावर एक आडवी रेघ राहिलीय, तिला ती 'माझी चेन' म्हणते.

पिशवी सुटली तेव्हा घरात चार नग उरले होते. परत घेता का म्हणून विचारायला गेलो. मालक म्हणाले, पैसे नाही मिळणार, आणि काउंटरखालून बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा काढला. त्यात लोकांच्या उरलेल्या पिशव्या होत्या, वेगवेगळ्या मापाच्या, कुणाकुणाच्या. ज्याला झेपत नाही त्याला त्यातून द्यायच्या. "कात्री लागलेली नाही ना?" त्यांनी एकेक उलटून बघितली, पाकिटांवर पेनानं तारीख लिहिली आणि डब्यात टाकली. मी निघालो तेव्हा पायरीवर दुधनीकडचा एक माणूस उभा होता, हातात चिठ्ठी आणि मोठ्या माणसाची पिशवी.

"माप काय?" आतून मोठ्यानं आवाज आला.